पणजीचं माहेर : न्यूअर्क ते कापोसेले, शोधाच्या नोंदी

१२ जानेवारी २०२५

सुरुवात करते. नवऱ्याच्या वडिलांकडचं घराणं इटालियन, चार पिढ्या न्यू जर्सीत. आडनाव इथे लिहिणार नाही, घरच्यांनी तसं सांगितलंय. पणजोबांबद्दल सगळ्यांना थोडंफार माहिती आहे, ते कुठे कामाला होते, मिशा कशा होत्या, रागीट होते वगैरे, पण पणजीबद्दल विचारलं की सगळे गप्प होतात. नाव मेरी, सॉस छान करायची, संपलं. तिच्या आईवडिलांचं नाव कोणाला माहीत नाही, लग्नाआधीचं आडनाव माहीत नाही, गाव म्हणजे 'नेपल्सजवळ कुठेतरी'. मला हे पहिल्यापासून खटकतं, माणूस पन्नासेक वर्षं या देशात राहतो, मुलं वाढवतो, आणि त्याचं माहेरच कोणाला ठाऊक नसतं असं कसं चालेल. तर हे काम तिच्यासाठी. पणजोबा वाटेत सापडतीलच.

पद्धत साधी, अलीकडून पलीकडे जायचं. थेट इटलीत उडी मारायची नाही, कारण एका नावाची दहा माणसं असतात आणि चुकीच्या कुटुंबात शिरलं की महिनोन्महिने बाहेर पडता येत नाही. अमेरिकेचा सेन्सस ७२ वर्षांनी खुला होतो, म्हणजे सध्या सगळ्यात अलीकडचा १९५० चा, तो एप्रिल २०२२ मध्ये आला. तिथून सुरुवात. फॅमिलीसर्च नावाच्या वंशावळीच्या वेबसाईटवर फुकट बघता येतं.

१९५० मध्ये पणजी सापडली. न्यूअर्क, मुलाच्या घरी, विधवा, वय ६८, जन्म इटली. आणि परदेशात जन्मलेल्यांसाठी एक प्रश्न असतो की नागरिकत्व घेतलंय का, तिथे 'नाही'. हे मी लाल पेनने लिहून ठेवलंय, नंतर लागणार.

१९ जानेवारी २०२५

१९४० ते १९१० सगळे सेन्सस एका बैठकीत काढले. काय काय मिळालं ते लिहिते कारण प्रत्येक सेन्ससचे प्रश्न वेगळे आणि प्रत्येकातून वेगळी गोष्ट निघते.

१९४० : नावापुढे गोलात फुली असते, म्हणजे माहिती त्या माणसाने दिली. आमच्या घरात फुली पणजीच्या नावापुढे आहे! म्हणजे गणनेवाला दारात आला तेव्हा तीच बोलली. मुलांची वयं त्यामुळे अचूक आहेत बहुतेक, आईला विचारलंय ना.

१९३० : यात पहिल्या लग्नाच्या वेळी वय किती हा प्रश्न होता. पणजोबा ५२, लग्नाच्या वेळी २४. पणजी ४८, लग्नाच्या वेळी २०. दोन्हीकडून हिशोब १९०२ वर येतो. यातच घरात रेडिओ आहे का हा पण प्रश्न होता आणि यांच्याकडे होता. पणजोबांपुढे 'ना', म्हणजे नागरिक झालेले, पणजीपुढे 'अल', म्हणजे अजून परकी. एकाच घरात नवरा नागरिक आणि बायको परकी.

१९२० : दोघंही 'अल'. म्हणजे पणजोबा १९२० ते १९३० च्या मध्ये कधीतरी नागरिक झाले. आता इथे एक कायदा माहीत असला पाहिजे. २२ सप्टेंबर १९२२ च्या आधी नवरा नागरिक झाला की बायको आपोआप व्हायची, त्या तारखेच्या केबल कायद्यानंतर बायकांना आपापला अर्ज करावा लागायचा. पणजीने केला नाही किंवा करता आला नाही, इंग्रजी बोलता येणं ही अट होती. त्यामुळे १९५० मध्ये पण तिचं 'नाही'च.

१९१० : हा सगळ्यात भारी. १५ एप्रिल १९१० ची स्थिती. लग्नाला ८ वर्षं, परत १९०२ आलं. बायकांना विचारायचे की एकूण मुलं किती झाली आणि हयात किती. पणजी : तीन, हयात दोन. घरात मुलगा ६ वर्षांचा आणि मुलगी २ वर्षांची, दोघांचा जन्म इटली. शिवाय पाच बोर्डर, म्हणजे पैसे देऊन घरात राहणारे-जेवणारे, सगळे इटालियन पुरुष, सगळे मजूर. म्हणजे ही बाई दोन पोरं सांभाळून सात पुरुषांचं, नाही, नवरा धरून सहा पुरुषांचं रांधत होती, धूत होती, आणि तिच्या नावापुढे व्यवसायाच्या रकान्यात काय लिहिलंय तर 'नाही'.

त्या मेलेल्या मुलाबद्दल घरात कोणालाच माहिती नाही. नवऱ्याच्या आत्यालाही नाही, ती ८४ वर्षांची आहे आणि पणजीच्या मांडीवर खेळलेली आहे.

स्थलांतराचं वर्ष प्रत्येक सेन्ससमध्ये वेगळं : पणजोबांचं १८९९, १९०७ आणि १९०६, पणजीचं १९०९ आणि १९१०. गोंधळ वाटतो पण यातलं प्रत्येक वर्ष जपून ठेवायचं, लोक बऱ्याचदा दोनदा तीनदा यायचे आणि कोणतं 'आलो' सांगायचं ते त्या दिवशीच्या मनावर.

२६ जानेवारी २०२५

१९१० चा सेन्सस नावाने सर्च करून मिळाला नव्हता हे लिहायचं राहिलं. इंडेक्स करणाऱ्याने आडनाव असं काही वाचलंय की दहा जन्मात कोणी टाइप करणार नाही. मार्ग हा : न्यूअर्कची हॉलब्रुक कंपनीची सिटी डिरेक्टरी, त्यात नाव, धंदा, पत्ता. पत्ता मिळाला की तो कोणत्या गणना विभागात येतो ते काढायचं, आणि मग त्या विभागाची पानं एक एक करून डोळ्याने बघायची. पत्त्यावरून विभाग काढायला स्टीफन मोर्स यांची वेबसाईट, वन-स्टेप म्हणतात तिला. इंटेलच्या ८०८६ चिपचं डिझाईन ज्यांनी केलं तेच हे मोर्स, त्यांनी वंशावळवाल्यांसाठी हे सर्च फॉर्म बनवलेत, माणसाला नमस्कारच करावा.

पत्ता एट्थ ॲव्हेन्यू. म्हणजे न्यूअर्कचा जुना फर्स्ट वॉर्ड, सेंट लुसी चर्चच्या आजूबाजूचा भाग. नवऱ्याला म्हटलं जाऊन घर बघून येऊ. तर तिथे घर नाही, गल्लीच नाही जवळजवळ. १९५० च्या दशकात 'सुधारणा' म्हणून तो मोहल्ला पाडला आणि कोलंबस होम्स नावाच्या उंच इमारती उभ्या केल्या, त्या पण १९९४ मध्ये स्फोटकं लावून पाडल्या. चर्च उभं आहे. अख्ख्या मोहल्ल्यातल्या माणसांना उठवून पांगवलं, बेलव्हिल, ब्लूमफिल्ड, नटलीला गेले सगळे, आणि मला याचा खरंच राग येतो कारण असा मोहल्ला मोडला की कोण कोणाच्या शेजारी राहायचं, कोण कोणाचं कोण लागायचं हे सांगणारंच कोणी उरत नाही. सेन्ससची पानं म्हणूनच इतकी मोलाची. त्या पानावर शेजारी शेजारीच राहिलेत.

(पुढच्या कामासाठी : सगळ्या सेन्ससमध्ये आमच्या कुटुंबाच्या वरची आणि खालची दहा दहा घरं एका शीटमध्ये उतरवून ठेवली.)

८ फेब्रुवारी २०२५

गाव सापडलं!! आणि सापडलं ते अगदी सरकारी कागदात. दुसऱ्या महायुद्धात २७ एप्रिल १९४२ ला अमेरिकेने ४५ ते ६४ वयाच्या पुरुषांची पण नोंदणी केली होती, लढायला नेण्यासाठी नाही, कोण काय काम करू शकतो ते बघण्यासाठी. त्याला म्हाताऱ्यांचा ड्राफ्ट (ड्राफ्ट म्हणजे सक्तीची सैन्यभरती) म्हणतात. त्या कार्डावर जन्मगाव विचारलेलं असतं. पणजोबा १८७८ चे, म्हणजे तेव्हा ६४, जेमतेम बसले. कार्डावर स्वच्छ टाईप केलेलं : कापोसेले, इटली.

कापोसेले म्हणजे कांपानिया प्रांतात आवेल्लिनो जिल्ह्यातलं डोंगरातलं गाव, सेले नदी तिथे उगम पावते आणि त्याच झऱ्यांचं पाणी अपुलियाच्या मोठ्या जलवाहिनीतून पलीकडच्या कोरड्या प्रदेशाला जातं. नेपल्सजवळ वगैरे काही नाही, पण जहाज नेपल्सहून सुटायचं म्हणून घरात 'नेपल्स' राहिलं असणार. आणि आता सेंट लुसी चर्चचं कोडं पण सुटतं. तिथे दर ऑक्टोबरला सान जेरार्दो या संताचा मोठा उत्सव होतो, मूर्तीला नोटा टाचून मिरवणूक काढतात, आणि सान जेरार्दोचं मूळ देवस्थान मातेरदोमिनी हे कापोसेलेतच आहे. गावचा देव घेऊनच आले होते लोक. आमच्याकडे आत्या अजून त्या उत्सवाला जाते, पण का जाते ते तिला कोणी सांगितलं नव्हतं.

१५ फेब्रुवारी २०२५

प्रवासी याद्या. आता गाव माहीत असल्याने मोर्सच्या फॉर्मवर गावाच्या नावानेही गाळता येतं, गावाचं स्पेलिंग मात्र दहा प्रकारे करून बघावं लागतं, कापोसेलो, कापोसेला, कापुसेले.

आधी एक गोष्ट, कारण आमच्या घरात पण ती चालत आलेली आहे, की एलिस आयलंडवर (न्यूयॉर्क बंदरातलं बेट, बाहेरून येणाऱ्यांची तपासणी तिथे व्हायची) साहेबाने आडनाव कापलं. असं व्हायचं नाही. नावं लिहून घ्यायचं काम जहाज कंपनीचे लोक निघण्याच्या बंदरातच करायचे, म्हणजे नेपल्सला इटालियन कारकून इटालियन नाव लिहायचा, आणि एलिस आयलंडवरचा इन्स्पेक्टर ती तयार यादी समोर ठेवून प्रश्न विचारायचा. दुभाषे पण असायचे तिथे. नावं बदलली ती नंतर, शाळेत, कारखान्यात, पगाराच्या वहीत, आणि बऱ्याचदा लोकांनी स्वतःहून. आमचं आडनाव यादीत पूर्ण आहे, १९१० च्या सेन्ससमध्ये पूर्ण आहे, १९२० ला शेवटचं अक्षर गेलेलं आहे.

पणजोबांची यादी : ऑक्टोबर १९०७, जहाज प्रिन्झेस इरेने, जर्मन कंपनी नॉर्डडॉइचर लॉइडचं, जेनोवा नेपल्स न्यूयॉर्क असं चालायचं. १९०७ हे एलिस आयलंडचं सगळ्यात गर्दीचं वर्ष, दहा लाखांवर माणसं आली, १७ एप्रिलच्या एका दिवसात ११,७४७. आणि पणजोबा उतरले तो महिना म्हणजे न्यूयॉर्कमध्ये घाबरलेल्या लोकांची पैसे काढायला बँकांवर झुंबड उडाली तो. पुढच्या हिवाळ्यात कामं बंद पडली आणि हजारो इटालियन मजूर परत गेले. हे गेले नाहीत. का गेले नाहीत त्याचा कागद नाही, पण पुढची नोंद वाचा म्हणजे मला हे इतकं का लागलं ते कळेल.

१९०७ च्या मध्यापासून यादी दोन पानांवर पसरलेली असते, एक डावं एक उजवं, आणि लोक फक्त डावं डाऊनलोड करतात. उजवं पान सोडू नका!! अमेरिकेत कोणाकडे चाललाय, आधी आला होतास का, पन्नास डॉलर आहेत का, नसतील तर किती, अराजकवादी आहेस का, उंची, केस, डोळे, जन्मगाव, सगळं तिकडे. पणजोबा मेव्हण्याकडे चालले होते, पत्ता एट्थ ॲव्हेन्यू. आधी आला होता का : हो, १८९९ ते १९०१, न्यूअर्क. म्हणजे सेन्ससमधलं १८९९ पण खरंच होतं. (ती जुनी यादी पण मिळाली, एलिस आयलंडची लाकडी इमारत जून १८९७ मध्ये जळाली होती आणि डिसेंबर १९०० ला नवी सुरू होईपर्यंत लोक मॅनहॅटनच्या टोकाला बार्ज ऑफिसमध्ये उतरायचे, हे तिथलेच. यादी छोटी, फारसं काही नाही.)

नावाच्या शेजारी बारीक अक्षरात एक आकडा, डॅश, मोठा नंबर आणि १९२७ ची तारीख खरडलेली. हे वीस वर्षांनी कोणीतरी लिहिलंय. नागरिकत्वाचा अर्ज केला की ऑफिसवाले जुनी यादी काढून माणूस खरंच तेव्हा उतरला का ते पडताळायचे आणि तिथेच नोंद करायचे. म्हणजे अर्जाचं वर्ष पण हाती आलं, १९२७ किंवा १९२८.

आणि आता मुख्य. 'आलास त्या देशातला सर्वात जवळचा नातेवाईक' असा रकाना आहे. तिथे लिहिलंय : बायको, आणि पुढे तिचं नाव, पूर्ण, तिच्या वडिलांच्या आडनावासकट. इटलीत लग्नानंतर कागदोपत्री बाईचं आडनाव बदलत नाही. मी एकटीच घरात होते, मोठ्याने वाचलं. शंभरेक वर्षांत या घरात ते नाव कोणी उच्चारलं नसेल.

१६ फेब्रुवारी २०२५

आता पणजीची यादी मिळायला पाच मिनिटं लागली. घरातल्या हौशी मंडळींनी पूर्वी शोधलं होतं ते नवऱ्याच्या आडनावाने, आणि त्या आडनावाने ती कधीच सापडणार नव्हती. इटालियन बायका शोधायच्या तर माहेरच्या आडनावाने, हे एवढं जरी कोणी या नोंदींतून घेतलं तरी मला बरं वाटेल.

ऑक्टोबर १९०९, जहाज रे दितालिया, लॉइड साबाउदो कंपनीचं. ओळीत पणजी, वय २७, तिच्या खालच्या दोन ओळीत मुलगा ५ आणि मुलगी १, मुलं मात्र वडिलांच्या आडनावाने, म्हणून इंडेक्समध्ये ही तिघं एक कुटुंब आहेत असं दिसतच नाही. वंश या रकान्यात 'इटालियन, दक्षिण'. उत्तर इटालियन आणि दक्षिण इटालियन असे वेगळे 'वंश' लिहायचे तेव्हा. उंची पाच फूट, केस काळे, डोळे तपकिरी. मागे राहिलेला नातेवाईक : वडील, नाव आडनाव, कापोसेले. पैसे १२ डॉलर.

डाव्या कडेला फुली. ही फुली म्हणजे थांबवून ठेवलं. यादीच्या शेवटी थांबवलेल्यांचं वेगळं पान असतं, तिथे कारण : 'नवऱ्याकडे'. बाई एकटी मुलांना घेऊन आली असेल तर तिला तशी सोडत नसत, नवऱ्याला तार जायची, तो येऊन घेऊन जाईल तेव्हा सुटका. पणजी तिथे दोन रात्री होती. हे कसं कळलं तर त्या पानावर जेवणाचे रकाने असतात, सकाळचं किती दुपारचं किती रात्रीचं किती, जहाज कंपनीला बिल लावायला. बिलासाठी मोजलेल्या त्या जेवणांवरून आज कळतंय की एक वर्षाची मुलगी आणि पाच वर्षांचा मुलगा घेऊन ती तिथल्या बाकावर किती वेळ बसली.

आत्याला फोन करून वाचून दाखवलं. उंची ऐकून म्हणाली हो, अगदी बुटकी होती, खुर्चीत बसली की पाय टेकायचे नाहीत.

२ मार्च २०२५

इटलीचे कागद. आंतेनाती नावाचं इटालियन सरकारी अभिलेखागारांचं पोर्टल आहे, जन्म लग्न मृत्यूच्या नोंदवह्यांची स्कॅन केलेली पानं, फुकट. नेपोलियनच्या काळात दक्षिण इटलीत १८०९ पासून सरकारी नोंदी सुरू झाल्या आणि तेव्हापासून दोन प्रती, एक गावच्या कचेरीत आणि एक कोर्टाकडे. याचं महत्त्व या भागात फार आहे, २३ नोव्हेंबर १९८० च्या भूकंपात इर्पिनियातली गावंच्या गावं कोसळली, तीन हजारांच्या आसपास माणसं गेली, कापोसेलेचंही फार नुकसान झालं. अशा वेळी दुसरी प्रत दुसऱ्या गावात असणं किती मोठी गोष्ट आहे.

भाषा येत नसली तरी हे कागद वाचता येतात, कारण साचा ठरलेला असतो. तीन चार वाचले की कुठल्या ओळीत बाप, कुठल्या ओळीत आई, कुठे वय ते हाताला लागतं. आकडे मात्र अक्षरात असतात, वर्ष सुद्धा, तेवढे पाठ करा. बापाच्या नावाआधी 'दी' असेल तर तो जिवंत, 'फू' असेल तर वारलेला, एवढ्यावरून मृत्यू शोधायची वर्षं निम्मी होतात.

लग्न : १९०२, जानेवारी. पणजोबा २४, पणजी २०, सेन्ससशी बरोब्बर जुळतं. दोघांचे आईवडील नावानिशी. दोघांना सही येत नाही. आणि व्यवसाय : दोघंही 'कोंतादिनो', 'कोंतादिना', म्हणजे शेतात राबणारे. पणजीला स्वतःचा व्यवसाय लिहिलेला मिळाला तो तिच्या गावच्या कागदात, न्यूअर्कच्या सेन्ससमध्ये पाच बोर्डर सांभाळूनही मिळाला नाही.

मुलं : पहिला मुलगा डिसेंबर १९०२, नाव वडिलांच्या वडिलांचं, रीतच आहे तशी, पहिला मुलगा आजोबांच्या नावाचा. १९०४ मध्ये परत मुलगा, परत तेच नाव. म्हणजे पहिला गेला. मृत्यूच्या वहीत बघितलं, ऑगस्ट १९०३, वय आठ महिने. १९१० च्या सेन्ससमधला 'तीन पैकी दोन' यातला तो तिसरा हाच. आता घराण्याच्या झाडावर त्याची जागा आहे. वंशावळ करणाऱ्यांनी इथे जपायला हवं, एकाच आईबापाची एकाच नावाची दोन मुलं दिसली तर मृत्यूची वही बघितल्याशिवाय पुढे जायचं नाही, नाहीतर न्यूअर्कला वाढलेल्या माणसाला गेलेल्या बाळाची जन्मतारीख चिकटते.

मुलगी : फेब्रुवारी १९०८. जन्म नोंदवायला बाप जातो, पण इथे सुईणीने नोंदवलाय, कारण बाप गावापासून दूर. ऑक्टोबर १९०७ ला तो प्रिन्झेस इरेनेवरून उतरला तेव्हा पणजी पाच महिन्यांची गरोदर होती. मंदीत बाकीचे परत गेले, हा राहिला, आणि मुलगी पहिल्यांदा बघितली ती दोन वर्षांनी एलिस आयलंडवर तार मिळाल्यावर घ्यायला गेला तेव्हा. घरात जो माणूस फक्त रागीट म्हणून सांगितला जातो त्याच्याबद्दल हे लिहिताना मला भरून आलं.

५ एप्रिल २०२५

नवऱ्याच्या चुलत भावाचा मेसेज, या कागदांवर इटालियन पासपोर्ट मिळेल का. इटलीने २८ मार्चला वटहुकूम काढलाय, आता आई, बाप, आजी, आजोबांपर्यंतच धरणार, पणजोबांवरून नाही. पुढे काय होतं बघू, पण हे काम त्यासाठी चाललेलं नाही. कागदांच्या प्रती त्याला पाठवल्या. (मे अखेर : वटहुकुमाचा कायदा झाला.)

२७ एप्रिल २०२५

आत्याच्या घरी पणजीचा डबा उघडला, बिस्किटांचा पत्र्याचा. जपमाळ, सान जेरार्दोची चित्रं, आणि एक छोटं ओळखपुस्तक, फोटो आणि बोटाचा ठसा असलेलं, १९४२ चं. वर लिहिलंय की ही व्यक्ती शत्रुराष्ट्राची परकी नागरिक.

म्हणून मी ते 'नाही' लाल पेनने लिहून ठेवलं होतं. १९४० च्या कायद्याने चौदा वर्षांवरच्या सगळ्या परक्या लोकांना नोंदणी आणि बोटांचे ठसे द्यावे लागले, आणि इटलीशी युद्ध सुरू झाल्यावर नागरिकत्व नसलेले सहा लाख इटालियन एका झटक्यात 'शत्रू' ठरले. कॅमेरा ठेवायचा नाही, शॉर्टवेव्ह रेडिओ ठेवायचा नाही, प्रवासाला परवानगी. नवरा नागरिक, धाकटी मुलं इथे जन्मलेली, एक मुलगा अमेरिकन सैन्यात, आणि साठीची आई शत्रू! १२ ऑक्टोबर १९४२ ला, कोलंबस डेच्या दिवशी, इटालियनांवरचा तो शिक्का काढत असल्याचं जाहीर झालं. पणजीने पुस्तक टाकलं नाही, देवाच्या चित्रांबरोबर ठेवलं. तिच्या १९४० च्या नोंदणी फॉर्मसाठी इमिग्रेशन खात्याच्या वंशावळ विभागात अर्ज केलाय, वेळ लागतो.

८ जून २०२५

पणजीच्या आडनावाने आणि गावाने अजून कोण कोण आलं ते काढत होते. १९१२, एक मुलगी, वय १९, कापोसेले, वडिलांचं नाव तेच जे पणजीच्या यादीत. कोणाकडे : 'बहिणीकडे', एट्थ ॲव्हेन्यू, न्यूअर्क, घर नंबर आमचाच.

पणजीला बहीण होती. इथे होती. घरात कोणालाच माहिती नाही.

न्यू जर्सीची राजधानी ट्रेंटन, तिथल्या स्टेट आर्काइव्हजमधून (राज्याच्या अभिलेखागारातून) तिच्या लग्नाच्या दाखल्याची प्रत मागवली, १९१४, न्यूअर्क. आईबापांची नावं कापोसेलेच्या कागदाशी तंतोतंत जुळतात. तिच्या नवऱ्याचं आडनाव बघितलं आणि ते कुठेतरी वाचलंय असं वाटत राहिलं, मग जानेवारीत केलेली शेजाऱ्यांची शीट उघडली. १९१५ चा न्यू जर्सीचा राज्य सेन्सस : त्याच इमारतीत. १९२० : आमच्या कुटुंबाच्या बरोब्बर खालची ओळ. १९३० : दोन घरं सोडून.

आत्याला ते आडनाव सांगितलं. म्हणाली अगं ती शेजारची, आम्ही तिला झिया (इटालियनमध्ये मावशी) म्हणायचो, सगळीच पोरं म्हणायची. आपण नाही का शेजारच्या काकूंना मावशी म्हणत, तसंच समजत होते हे सगळे इतकी वर्षं. ती खरी मावशी होती, म्हणजे आत्याच्या वडिलांची सख्खी मावशी. आत्या बराच वेळ काही बोललीच नाही, मग म्हणाली तिची मुलं आमच्या घरी जेवायला असायची आणि मोहल्ला पाडला तेव्हा ती लोक बेलव्हिलला गेली, आम्ही दुसरीकडे, मग भेटच राहिली नाही.

२२ जून २०२५

१९५० च्या सेन्ससमध्ये झिया अजून फर्स्ट वॉर्डातच आहे, मोहल्ला पाडायच्या थोडं आधी, घरात दोन मुलगे आणि एक सून. मुलांची नावं आणि वयं मिळाली. आत्याने सांगितल्याप्रमाणे पुढचा माग बेलव्हिलला. जुन्या डिरेक्टऱ्या आणि वर्तमानपत्रातल्या मृत्यूच्या बातम्या न्यूअर्क पब्लिक लायब्ररीत बघायच्या, त्यात मागे राहिलेल्या माणसांची नावं असतात, पण जिवंत माणसांची नावं इथे लिहिणार नाही. सेंट लुसीला पण पत्र पाठवलंय, झियाच्या मुलांच्या बाप्तिस्म्याच्या नोंदीत गॉडमदर कोण आहे ते बघायला, माझा अंदाज पणजीच असणार. आणि तिकडे कापोसेलेत या दोघींच्या आईच्या बाजूला अजून हात लावलेला नाही, आजीआजोबांचं लग्न १८४० च्या दशकातलं असेल तर त्याची जोडपत्रं शोधायची, त्यात नवरानवरीचे जन्माचे दाखले आणि कधी कधी आधीच्या पिढीचे मृत्यूचे दाखले पण जोडलेले असतात. पुढच्या रविवारी आत्या येतेय, तिला झियाच्या यादीची मोठी प्रिंट हवी आहे, बारीक अक्षर दिसत नाही म्हणते.